मामंजींची दोन बोटं

मामंजी ओसरीवर चहाची वाट बघत बसले होते आणि माझा पदर डोक्यावरून घसरला.

यात लिहिण्यासारखं काय आहे, असं आजच्या मुली म्हणतील. पण आमच्या घरी सासऱ्यांसमोर सुनेच्या डोक्यावरचा पदर जाणं म्हणजे परेडीत शिपायाच्या हातून बंदूक पडणं. ही उपमा माझी नाही, मामंजींचीच आहे. ते संस्थानच्या पलटणीत सुभेदार होते. मी सवयीनं उजवा हात वर नेला. हात खांद्यातून उठला, कोपरात वाकला, पण मनगटापासून पुढचा पंजा खालीच लोंबत राहिला. मी पुन्हा जोर केला. पदराला बोटं लागत होती, पदर बोटांत येत नव्हता.

मामंजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी डाव्या हातानं पदर ओढून घेतला आणि आत पळाले. चुलीपाशी उभी राहून हाताकडे बघत राहिले. दुखत नव्हता, सुजला नव्हता, मी कुठे पडले नव्हते की आपटले नव्हते. पंजा तेवढा खाली मान घालून उभा होता, जसा काही त्याला कुणी रागावलं होतं.

"सूनबाई, चहा आटला असेल आता," बाहेरून आवाज आला.

चहा खरंच आटला होता.

मागे वळून बघितलं तर खुणा होत्या. लाटणं हातातून निसटायचं. मंदाची, म्हणजे माझ्या मुलीची, वेणी घालताना पेड सुटायचे आणि ती "आई, ढंग से करो ना!" म्हणून ओरडायची. पोटात कळा यायच्या, तोंडाला चव नसायची. पण घरात बाई थकली की तिला थकवा म्हणतात, आजार म्हणत नाहीत. मीही म्हटलं नाही.

हे मी आता लिहितेय ते ज्यांचा हात असाच एके दिवशी पडला असेल त्यांच्यासाठी. त्यांना सगळ्यात आधी हे सांगायचंय की तुम्ही वेड्या झालेला नाही. हात दुखत नाही आणि तरी चालत नाही, असं होतं.

*

जितकी तोंडं तितकी निदानं. शेजारच्या चाची म्हणाल्या, "बहू, हवा लग गई है," आणि दार-खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. वैद्यबुवा म्हणाले वात आहे, दार-खिडक्या उघड्या ठेवा. मी अर्ध्या उघड्या ठेवल्या.

हे भोपाळहून आले. तेव्हा सगळाच गोंधळ होता. आधी संस्थान विलीन झालं, त्याचा मध्यभारत झाला, आणि त्याची जरा सवय होते न होते तोच मध्यप्रदेश झाला. राजधानी भोपाळ ठरली. ह्यांचं दफ्तर कपाटांसकट तिकडे गेलं. आपण नक्की कुठल्या राज्यात राहतो, असं कुणी विचारलं तर आमच्या लष्कर गावातली शहाणी माणसंसुद्धा आधी इकडेतिकडे बघायची. ह्यांना तिकडे दोन खोल्या मिळाल्या होत्या. मला आणि मंदाला न्यायचं ठरलं होतं, आणि नेमका हात पडला.

"झोपेत अंगाखाली आला असेल," हे म्हणाले. मग म्हणाले, "पण या हातानं तिथे तू करणार काय? नव्या गावात, ना ओळख ना पाळख. इथे निदान बाबा आहेत. बरा झाला की ये."

काळजीनंच म्हणाले. पण मला ते झोंबलं. बरा झाला की ये, म्हणजे नाही झाला तर? हा प्रश्न मी विचारला नाही आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. ते रविवारी परत गेले. त्या दिवसापासून माझ्यापुढे एकच गोष्ट राहिली: मनगट उठलं तर माझं घर एक, नाही उठलं तर घराचे दोन तुकडे.

मामंजी भोपाळला येणार नव्हतेच. त्यांचा मारुती होता ना इथे.

*

या मारुतीबद्दल सांगायलाच हवं. किल्ला गेटाच्या अलीकडे पलटणीच्या जुन्या लाइनी, म्हणजे बराकी होत्या, तिथे पलटणीचा मारुती. संस्थान गेलं तशी पलटण हिंदुस्थानच्या फौजेत मिळाली. ज्यांचं वय बसत होतं ते जवान कुठे कुठे पांगले, मामंजींसारखे पेन्शनीत निघाले. लाइनी रिकाम्या झाल्या. मारुतीला मात्र कुणी बदलीचा हुकूम दिला नाही, तो तिथेच राहिला. पूर्वी त्याचा शेंदूर आणि तेल सरकारातून यायचं. ते कुठल्या दफ्तराकडे गेलं हे कुणालाच सांगता येईना, आणि मग ते यायचंच बंद झालं. मामंजींनी ती चाकरी स्वतःकडे घेतली. दर शनिवारी पहाटे स्नान करून, स्वतःच्या हातानं मारुतीला शेंदूर चढवायचे. पलटण गेल्यावर त्यांच्याकडे तेवढीच ड्यूटी उरली होती.

माझा हात पडल्यावर त्यांनी अंगठीच्या बोटावर शेंदूर आणला. मंदाकडे देऊन म्हणाले, "आईला म्हणावं जिभेला लाव. बजरंगबली शक्तीची देवता आहे."

मी लावला. रोज लावला. श्रद्धेनं लावला, हेही सांगते.

*

मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बघितलं, मग हिरड्या बघितल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ होती म्हणे. मी स्वतःच्या हिरड्या कधी बघितल्या होत्या?

"छापेखाने में काम करती हैं? रंग-रोगन का काम? घर में सीसे का कुछ?"

मी मान हलवली. नाही.

"सिंदूर?"

"मारुतीचा आहे," मी म्हटलं, "पण तो मामंजी लावतात. हमारे यहाँ औरतें हनुमानजी को छूती नहीं."

डॉक्टरांनी मग मामंजींना आत बोलावलं आणि हात दाबायला सांगितला. मामंजींनी दाबला. डॉक्टरांनी हात सोडवून घेतला, थोडा वेळ झटकला आणि म्हणाले, "इनको तो कुछ नहीं है." शेंदूर लावणारा धडधाकट आणि न लावणारी आजारी, तेव्हा ती वाट तिथेच सोडून दिली गेली. नस दबली असेल, बघू, असं ठरलं आणि मला कसरतीच्या खोलीत पाठवलं.

ती खोली नवी होती. तिथे मुंबईहून शिकून आलेल्या एक बाई होत्या, कुलश्रेष्ठ त्यांचं आडनाव. सगळे त्यांना कसरतवाली बहनजी म्हणत. उंच, किडकिडीत, आणि बोलायला फटकळ. बाजारात काकडी घेऊन बघतात तसा त्यांनी माझा हात घेतला. मेजावर ठेवला, तळवा खाली, पंजा काठाबाहेर लोंबता. एका हातानं माझं कोपराखालचं हाड मेजाला धरून ठेवलं आणि म्हणाल्या, "उठाओ."

मी उठवला. उठल्यासारखा वाटला.

"मुठ्ठी मत बनाओ. उँगलियाँ ढीली. ये चोरी है."

बोटं आवळली की मनगट उठल्यासारखं दिसतं, खरं ते उठलेलं नसतं, असं त्यांनी समजावलं. बोटं सैल सोडली आणि मनगट थप्पकन खाली. मग हात आडवा करून ठेवला, म्हणजे त्याला स्वतःचं वजन उचलायला नको. तसा तो मेजावरून थोडा सरकला.

"दो," बहनजी म्हणाल्या.

"कशापैकी?"

"पाँच में से."

पाचापैकी दोन म्हणजे सरळ नापास. मग त्यांनी हिशेब सांगितला. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे कातडीखाली स्नायू थरथरतो, हात हलत नाही. दोन म्हणजे आडवा सरकतो. तीन म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध उठतो. चार म्हणजे वरून थोडं दाबलं तरी टिकतो, आणि पाच म्हणजे पुरता जोर लावून दाबलं तरी खाली येत नाही. तळवा वर करून मनगट आत वाकवायला लावलं, तिथे मला पाच मिळाले. कोपर वाकवून त्यांनी विरुद्ध ओढलं, तेव्हा कोपरापाशी एक स्नायू टरारून उभा राहिला. त्याच्यावर बोट ठेवून त्या बराच वेळ विचार करत राहिल्या. "नस दबी होती तो ये भी जाता," असं पुटपुटल्या. मला काहीच समजलं नाही. एकाच हातात पासही आणि नापासही, हे काय प्रकरण आहे?

डाव्या हाताला सगळे पाच.

निघताना त्यांनी एक गोष्ट केली. माझं पडलेलं मनगट स्वतःच्या हातानं वर उचलून धरलं आणि आपली दोन बोटं माझ्या मुठीत दिली. "अब दबाओ." मी दाबली, आणि माझी मूठ घट्ट बसली! इतके दिवस ज्या मुठीत वाटी टिकत नव्हती ती मूठ.

"देखा? मुठ्ठी की ताक़त गई नहीं है. कलाई गिरी है, इसलिए मुठ्ठी भी हार जाती है."

मला तिथेच रडू आलं. गेलेलं सगळंच गेलं नव्हतं, हे मला कुणी पहिल्यांदा हातात देऊन दाखवलं होतं. त्यांनी लाकडाची एक पट्टी बांधून दिली, मनगट वर धरायला. त्या पट्टीमुळे मला वाटी धरता येऊ लागली.

*

घरी रोज कसरत करायची आणि आठवड्यातून दोनदा कुणीतरी असंच हात धरून, दाबून बघायचं, असं बहनजींनी सांगितलं. कुणी? हे भोपाळला. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेल्या. मंदा आठ वर्षांची, ती दाबते म्हणजे गुदगुल्या करते.

"बाहर कौन खड़े हैं?" बहनजींनी विचारलं.

मी पदर सावरला, डाव्या हातानं. "ससुरजी."

"बुलाओ."

मामंजी आत येऊन सावधान उभे राहिले. बहनजींनी त्यांना सगळं करून दाखवलं: हात कुठे ठेवायचा, कुठे धरायचं, कुठे दाबायचं. मामंजींनी एक शब्दही विचारला नाही. हुकूम तो हुकूम.

पण आमच्याकडे सासरा सुनेच्या अंगाला हात लावत नाही. लग्नाला नऊ-दहा वर्षं झाली होती, मामंजींनी माझ्याशी सरळ बोललेले शब्दसुद्धा मोजके. बहुतेक बोलणं मंदामार्फत, नाहीतर भिंतीमार्फत. पहिल्या दिवशी ते ओसरीवर पाट घेऊन बसले. मी हात पाटावर ठेवला. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, चार घड्या केल्या आणि माझ्या हातावर घातलं. मग तोंड भिंतीकडे वळवलं आणि उपरण्यावर दोन बोटं टेकवली.

"उठव."

मी उठवला. टिकला की! निदान मला तरी टिकल्यासारखा वाटला, घडीखाली कुणाला काय दिसणार?

"पाच," मामंजी भिंतीला म्हणाले.

पुढच्या खेपेलाही पाच. मला वाटलं, बजरंगबली पावला. मी आनंदानं पट्टीसुद्धा काढून ठेवू लागले. ह्यांना निरोप पाठवला की खोल्या झाडून ठेवा. मामंजींनी शनिवारी मारुतीपुढे नारळ फोडला. फक्त एक गोष्ट समजत नव्हती: हाताला पाच मिळत होते आणि वाटी अजूनही पडत होती.

*

इस्पितळात मी फुशारकीनं सांगितलं, "बहनजी, घर पर पाँच है."

बहनजींनी हात मेजावर ठेवला. "उठाओ." पंजा काठावरून लोंबत राहिला. आडवा केला, पूर्वीइतकाच सरकला.

"दो. पाँच किसने दिए?"

मामंजींना आत बोलावलं. "बाबूजी, करके दिखाइए." मामंजींनी उपरणं काढलं, घडी केली, माझ्या हातावर घातली, तोंड वळवलं आणि दोन बोटं टेकवली. बहनजी बघतच राहिल्या. मग फस्सकन हसल्या.

"बाबूजी, ये टेस्ट नहीं है, ये तो आशीर्वाद है!"

मामंजींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "बहू है," एवढंच म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

मला एकाच वेळी हसू, राग आणि रडू येत होतं. पण बहनजींचं हसणं तेवढ्यात थांबलं होतं. सवयीनं त्यांनी माझा डावा हातही घेतला होता. मनगट उठलं, त्यांनी दाबलं, आणि ते खाली आलं.

पुन्हा केलं. पुन्हा खाली.

"ये तो पाँच था," त्या म्हणाल्या. "बाएँ से आजकल क्या काम करती हो, जो पहले दाएँ से करती थीं?"

मी आठवत गेले. चहा, केरवारा, पाणी. पोळ्या चाची करून देतात. मंदाची वेणी तिची तीच घालते. "आणि कुटणं," मी म्हटलं. "खलबत्ता आता डाव्या हातानं चालवते."

"क्या कूटती हो?"

"मारुतीचं कवच."

आता हे कसं सांगू! मारुतीच्या अंगावर शेंदराचे थर चढत जातात, आणि वर्षानुवर्षांनी ते जाड कवच आपोआप सुटून पडतं. पलटणीच्या मारुतीचं पडलं होतं. सरकारी शेंदूर बंद झालेला, आणि देवाच्या अंगावरचं टाकायचं तरी कुठे? मामंजी ते टोपलीत भरून घरी आणत. मी ते खलबत्त्यात कुटायची, फडक्यातून गाळायची. वाऱ्यानं उडू नये म्हणून आतल्या कोठीत, दार लावून. दर आठवड्याला. बाहेर आले की पापण्यांवरसुद्धा तांबडी पूड असायची. मग मामंजी त्यात तेल घालून मारुतीला चढवायचे.

बहनजी हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत होत्या. "डॉक्टर साहब ने सिंदूर पूछा था ना तुमसे?"

"पूछा था."

"फिर?"

"पण मी शेंदूर लावत नाही ना, बहनजी! माझ्या हातात असते ती नुसती पूड. त्यात तेल पडून मामंजींनी हातात घेतलं की तो शेंदूर." मी हे अगदी मनापासून म्हणत होते. आमच्या घरात कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. बायका मारुतीच्या शेंदराला शिवत नाहीत. तेव्हा मी शिवले नव्हते.

त्या डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी मग समजावलं. शेंदूर म्हणजे शिसं. तेलात कालवलेला शेंदूर हाताला लावून लगेच धुणाऱ्याला फारसा त्रास नाही. कोरडी पूड बंद खोलीत नाकातोंडात जाते, ते शिसं अंगात साठतं आणि हाताच्या नसा मारतं. जिभेला काही लावता का, असंही त्यांनी विचारलं. तेव्हा मी रडायलाच लागले.

*

घरी टांग्यातून येताना मामंजी पुढे बसले होते. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. किल्ला गेट आलं. तेव्हा ते घोड्याकडे बघत म्हणाले, "मारुतीनं कधी कुणाला दुबळं केलंय?"

मला तर राग कुणाचा करायचा हेच कळत नव्हतं. मारुतीचा? त्यानं काय केलं, तो तर उभा होता. मामंजींचा? ते देवाचं काम करत होते. शेंदूर बंद करणाऱ्या सरकारचा करावा, तर कुठल्या सरकारचा, तीन होऊन गेली होती. आजही मला हे नीट सांगता येणार नाही. राग होता एवढं खरं, आणि त्याला बसायला जागा नव्हती.

एका गोष्टीनं मात्र मी त्या दिवशी देवाला हात जोडले, म्हणजे जितके जोडले गेले तितके. कुटताना मंदाला कोठीत यायची बंदी असे, पारोशी पोर नको म्हणून. ते सोवळं नसतं तर ती माझ्या मांडीवर बसून कुटत बसली असती.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी उरलेली पूड, फडकं आणि खलबत्ता उचलून लाइनींमागे खोल खड्डा करून पुरला. कोठी पाण्यानं धुऊन काढली, स्वतः. शनिवारी मारुतीला नुसतं तेल लावलं. पुढच्या शनिवारीही तेच. मारुती काळा पडत गेला. येणारे-जाणारे विचारायचे, "सूबेदार साहब, हनुमानजी का रंग क्यों उतर गया?" मामंजी म्हणायचे, "तबादला हो गया है. नए सूबे की वर्दी पहनी है."

लोक हसायचे. मामंजी हसत नसत. ते दिवसभर लाइनींतच बसायला लागले, जेवायला उशिरा येत आणि ताटाकडे बघत जेवत. पाट ओसरीवर उभा करून ठेवला होता, तो पुन्हा आडवा झाला नाही. मला वाटलं, यांनी आता माझ्याकडे बघणंही सोडलं.

*

शिसं अंगातून हळूहळू जातं. औषधं होती, पण खरं औषध म्हणजे कुटणं थांबलं हेच. पोटातल्या कळा आधी गेल्या. मग तोंडाला चव आली. डावा हात लवकर सावरला. उजव्याची गोष्ट फार सावकाश चालली आणि तो काळ सगळ्यात वाईट, कारण काहीच घडत नाही असं वाटतं. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी मनगट उठवून बघायची आणि मग डोळे उघडावेसेच वाटायचे नाहीत. ज्यांचं असं चाललंय त्यांना सांगते: रोज बघू नका. बघणारच, मला माहीत आहे. पण रोज बघू नका. आणि डॉक्टर काही विचारतील तेव्हा तुमच्या घरात त्या गोष्टीला काय म्हणतात ते विसरून, हातांनी काय काय करता ते सगळं सांगा. मी ते केलं नव्हतं.

एका सकाळी पाणी भरताना पंजा आपोआप वर आला आणि मी तांब्या धरला. धरल्यावर कळलं की धरलाय. बहनजींनी हात मेजावर ठेवला, बोटं सैल करून बघितली, चोरी नाही याची खात्री केली.

"तीन," त्या म्हणाल्या, आणि माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. मग म्हणाल्या, "लेकिन तीन से आगे अकेली नहीं जा पाओगी. अब रोज़ कोई दबानेवाला चाहिए. सचमुच दबानेवाला."

घरी आल्यावर मी मंदाला जवळ घेतलं. मामंजी ओसरीवर जोडे काढत होते. मी जरा मोठ्यानं म्हटलं, "मंदा, आजोबांना सांग, बहनजी म्हणाल्या तीन झाले. पुढे न्यायला रोज कुणीतरी जोरानं दाबायला हवं. नाहीतर भोपाळचं राहिलंच."

"आजोबा," मंदा तिथूनच ओरडली, "आई बोल रही है कि—"

"ऐकलं," मामंजी म्हणाले.

सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर पाट आडवा होता. मामंजी त्याच्या पलीकडे बसले होते, माझ्याकडे तोंड करून. उपरणं खुंटीवर होतं. हात राखेनं घासून कोपरापर्यंत लाल केलेले.

"बस," ते म्हणाले. मंदाला नाही, भिंतीला नाही, मला.

मी बसले. हात पाटावर ठेवला. त्यांनी डाव्या हातानं माझं कोपराखालचं हाड धरलं. त्यांचा तळवा खरबरीत होता. लग्नानंतर तो मला पहिल्यांदा लागत होता.

"बोटं सैल. चोरी नाही. उठव."

मी उठवला. त्यांनी आपला पंजा माझ्या बोटांमागे, हाताच्या पाठीवर ठेवला आणि दाबलं. आधी थोडं. मग जास्त. हात थरथरला, खाली गेला.

"पुन्हा."

पुन्हा गेला. तिसऱ्यांदा मी दात आवळले. मामंजींच्या कपाळावर घाम आला होता, आणि डोळ्यांत पाणी होतं. ते घामाचं नव्हतं.

"माझ्यावर राग आहे ना तुझा?" ते म्हणाले. "असणारच. तो सगळा इथे आण, मनगटात. मी दाबतोय. मला वर ढकल."

मी ढकललं. इतके महिने ज्याला बसायला जागा मिळत नव्हती ते सगळं मनगटात आलं. त्यांचा हात खाली दाबत होता आणि माझा तिथल्या तिथे थांबला होता. थरथरत होता, पण थांबला होता. जोर करताना मान हलली आणि पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला. मी घाईनं डावा हात उचलला.

"राहू दे," मामंजी म्हणाले. त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं, दाबणंही सोडलं नव्हतं. "पदर राहू दे सूनबाई. हात खाली येऊ द्यायचा नाही."

मी येऊ दिला नाही.